आबांचं ब्लेड, माझं मॉडेल

इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर, फॉल्स सीलिंगच्या वर, एक व्हॉल्व्ह आहे. तो कुठल्या पाइपवर आहे, जमिनीपासून किती उंचीवर आहे, त्याला हात पोहोचावा म्हणून सीलिंगची कुठली टाइल निघते, हे मला पाठ आहे. मी इंग्लंडला कधीच गेलेली नाही. नाशिकमधल्या एका ऑफिसात बसून, दुपारी दीड ते रात्री साडेदहा अशा शिफ्टमध्ये, मी ते हॉस्पिटल काही महिने कॉम्प्युटरवर बांधत होते.

त्याच पावसाळ्यात पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत खालच्या काकूंच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. प्लंबर माझ्याकडे आला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, "ताई बिल्डिंगचंच काम करतात." पाइप नेमका कुठून गेलाय, एवढंच त्याला हवं होतं. मला सांगता आलं नाही. त्याने तीन ठिकाणी टाइल्स फोडल्या, चौथ्या ठिकाणी पाइप सापडला.

फोडलेल्या टाइल्सचे पैसे सोसायटीने वर्गणी काढून भरले. मला मात्र ती गोष्ट सुटेना. सात हजार किलोमीटरवरच्या इमारतीचा पाइप मला माहीत आहे आणि मी जिथे झोपते तिथला नाही, असं कसं झालं? त्याचं उत्तर शोधताना मी आधी सॉफ्टवेअरच्या इतिहासात गेले आणि तिथून फिरून आमच्याच घरात आले, आबांकडे.

*

आबा म्हणजे माझे आजोबा. वय 86. 1960च्या सुमारास ते नाशिकला पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून लागले. अनुरेखक म्हणजे ट्रेसर. इंजिनिअरने संकल्पचित्र ठरवायचं, आरेखकाने ते पेन्सिलने कागदावर काढायचं आणि अनुरेखकाने त्यावर ट्रेसिंग क्लॉथ ताणून शाईने गिरवायचं. मग त्या ट्रेसिंगवरून 'फेरो' काढायचे आणि साइटवर पाठवायचे.

तो काळ नाशिकसाठी मोठा होता. गोदावरीवर गंगापूरचं मातीचं धरण उभं राहत होतं, ते 1965मध्ये पूर्ण झालं. 1959मध्ये महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली 'मेरी', इथे सुरू झाली होती. राज्यातल्या धरणांची संकल्पचित्रं जिथे तयार होतात ती मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनाही नाशिकमध्येच, दिंडोरी रोडला. कोकणातल्या किंवा विदर्भातल्या एखाद्या धरणाची भिंत किती जाड असावी, हे अनेकदा या शहरातल्या टेबलांवर ठरलं. द्राक्षं आणि कुंभमेळा सगळ्यांना माहीत असतो, पण नाशिक हे रेषा मारणाऱ्यांचंही शहर आहे.

ट्रेसिंग क्लॉथ म्हणजे खळ दिलेलं बारीक सुती कापड. एका बाजूने गुळगुळीत, अर्धपारदर्शक. रद्द झालेले तुकडे आजी कोमट पाण्यात भिजत घालायची. खळ आणि शाई निघून गेली की खाली मलमलीसारखं मऊ कापड उरायचं. माझ्या बाबांची झबली आणि आबांचे हातरुमाल त्याचेच होते. हे फक्त आमच्याच घरात होत असेल असं मला वाटायचं. मग कळलं, ड्रॉइंग ऑफिसातल्या माणसांच्या घरी जगभर हे चालायचं.

आबांच्या हत्यारांमध्ये माझं सगळ्यात आवडतं म्हणजे दाढीचं अर्धं ब्लेड. रेष चुकली, किंवा वरून बदल आला, की त्या ब्लेडच्या कोपऱ्याने वाळलेली शाई हलक्या हाताने खरडायची. कापड फाटता कामा नये. मग खरडलेली जागा घासून गुळगुळीत करायची आणि नवी रेष मारायची. "रेष मारायला दोन वर्षांत येते," आबा म्हणतात, "खोडायला दहा लागतात."

बदल म्हणजे काय, हे इथे नीट सांगायला हवं, कारण पुढचा सगळा इतिहास त्यावरच उभा आहे. समजा एका पंपहाउसचं दार डावीकडे एक फूट सरकवायचं ठरलं. ते दार प्लॅनमध्ये असतं, एलिव्हेशनमध्ये असतं, सेक्शन तिथूनच घेतला असेल तर त्यातही असतं. दारावरची लिंटेल स्ट्रक्चरच्या शीटवर असते. दार एकच, पण चार शीटवर चार वेळा काढलेलं. चारही ठिकाणी ब्लेड फिरवायचं. तीन ठिकाणी फिरलं आणि चौथं राहिलं, तर साइटवर गोंधळ. गवंडी एक शीट बघून बांधणार, सळई बांधणारा दुसरी.

*

ही अडचण नाशिकची नव्हती, सगळ्या जगाची होती. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात चार्ल्स ईस्टमन नावाचे आर्किटेक्चरचे प्राध्यापक होते. 1975मध्ये तिथल्या आर्किटेक्टांच्या मासिकात त्यांनी एक लेख लिहिला. म्हणणं साधं होतं : ड्रॉइंगमध्ये एकच गोष्ट पुन्हा पुन्हा काढावी लागते, म्हणून बदल सगळीकडे हाताने करावा लागतो, म्हणून ड्रॉइंग्ज एकमेकांशी जुळेनाशी होतात. त्यापेक्षा कॉम्प्युटरमध्ये इमारतच साठवा. भिंत, दार, बीम या वस्तू म्हणून साठवा. ड्रॉइंग हवं तेव्हा त्यातून काढून घ्या. बदल एकदाच करायचा, सगळी ड्रॉइंग्ज आपोआप बदलतील. त्यांनी आपल्या प्रणालीला 'बिल्डिंग डिस्क्रिप्शन सिस्टिम' म्हटलं.

त्या वर्षी आबा पस्तिशीत होते आणि हातात ब्लेड होतं. पिट्सबर्गचे प्राध्यापक आणि नाशिकचा अनुरेखक एकाच दुखण्याबद्दल बोलत होते, फक्त एकाला लेख लिहिता येत होता.

तिथून पुढची गोष्ट सरळ नाही. बुडापेस्टमध्ये 1982 साली गाबोर बोयार यांनी ग्राफिसॉफ्ट कंपनी सुरू केली. त्यांचं सुरुवातीचं मोठं काम होतं हंगेरीतल्या पाक्श अणुवीज प्रकल्पातल्या पाइपांचं त्रिमितीय मॉडेल. पाइप पाइपावर आदळतोय का, हे बांधण्याआधी बघायचं होतं. त्यातून पुढे आर्चिकॅड आलं. पण त्याच वर्षी, 1982मध्येच, अमेरिकेत ऑटोकॅडही आलं आणि जग ऑटोकॅडच्या मागे गेलं. ते स्वस्त होतं, साध्या पीसीवर चालायचं, आणि मुख्य म्हणजे शिकायला नवं काही नव्हतं. ड्रॉइंग बोर्डवर जे करत होतात तेच पडद्यावर करा. ब्लेडच्या जागी डिलीटचं बटण.

ऑटोकॅडमधली भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. आपण भिंत आहोत हे त्या रेषांना माहीत नसतं. आबांच्या कापडावरच्या रेषांनाही नव्हतं. फरक इतकाच, की आबांना माहीत होतं.

1992मध्ये दोन डच संशोधकांच्या निबंधात 'बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेल' हे शब्द आले. 2002मध्ये ऑटोडेस्क, म्हणजे ऑटोकॅडवाल्यांनीच, रेव्हिट नावाचं सॉफ्टवेअर 13 कोटी 30 लाख डॉलरला विकत घेतलं. रेव्हिटमध्ये भिंत म्हणजे भिंत असते. तिची जाडी, विटा की ब्लॉक, आग किती वेळ थोपवेल, हे सगळं तिच्यातच असतं. दार भिंतीत बसवलेलं असतं. भिंत सरकवली की दार तिच्याबरोबर जातं, प्लॅन, सेक्शन, दारांची यादी सगळं बदलतं. हेच बीआयएम. त्याला वेळ जोडली की लोक 4डी म्हणतात, खर्च जोडला की 5डी. आकडे वाढत वाढत पुढे गेलेत, त्यातला बराचसा भाग मार्केटिंगचा आहे, तिकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल.

आबांना मी हे लॅपटॉपवर दाखवलं. भिंत सरकवली, चार खिडक्यांमध्ये चार चित्रं एकदम बदलली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पुन्हा कर." मी पुन्हा केलं.

*

सॉफ्टवेअर आलं म्हणून देश बदलत नाही. इथे खरी गोष्ट सुरू होते.

ब्रिटनमध्ये 2008च्या मंदीनंतर सरकारकडे पैसा कमी होता. मे 2011मध्ये त्यांनी बांधकामाचं एक धोरण जाहीर केलं. सरकारी बांधकामाचा खर्च 20 टक्क्यांपर्यंत कमी करायचा, आणि 2016पर्यंत केंद्र सरकारच्या प्रकल्पांत बीआयएम सक्तीचं करायचं. पॉल मॉरेल हे तेव्हा सरकारचे मुख्य बांधकाम सल्लागार होते. मला यात हुशारी दिसते ती अशी, की सरकारने कायदा करून सगळ्या उद्योगाला दम दिला नाही. मी गिऱ्हाईक आहे, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे, मला माल असा हवा, एवढंच म्हटलं. पाच वर्षं दिली. एप्रिल 2016मध्ये नियम लागू झाला.

सिंगापूरने दुसरं दार वापरलं, मंजुरीचं. 2013पासून मोठ्या इमारतींचे आणि 2015पासून 5,000 चौरस मीटरवरच्या सगळ्या नव्या इमारतींचे प्रस्ताव मॉडेलच्या रूपात मागायला सुरुवात केली. मॉडेल नाही, तर परवानगी नाही.

आपल्याकडे? डिसेंबर 2020मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, यूडीसीपीआर, आली. बांधकाम परवानगीचे प्रस्ताव ऑनलाइन गेले. सॉफ्टवेअर नकाशा वाचून सामासिक अंतर आणि एफएसआय तपासू शकतं. ही लहान गोष्ट नाही. पण ते सॉफ्टवेअर वाचतं ते ड्रॉइंगच, ठरलेल्या रंगाच्या, ठरलेल्या लेअरवरच्या रेषा. भिंतीच्या आत काय आहे, ते कुणी विचारत नाही. ब्रिटनसारखा एकच राष्ट्रीय दंडक भारतात अजून नाही. मोठ्या सरकारी टेंडरांमध्ये बीआयएम हा शब्द दिसू लागलाय, तो कुणी कसा पाळायचा हे प्रत्येक ठिकाणी वेगळं.

2011 ते 2016 या पाच वर्षांत ब्रिटिश कंपन्यांना मॉडेल करणारे हात हवे होते. ते हात पुण्यात, अहमदाबादमध्ये, चेन्नईत सापडले. नंतर नाशिकमध्येही. डिप्लोमा झालेली, ड्राफ्टिंग येणारी, कमी पगारात काम करणारी मुलं. आमचं ऑफिस त्यातलंच एक. बीआयएम आपल्या देशात आलं ते असं, मागच्या दाराने. इमारत त्यांची, नियम त्यांचे, आम्ही पुन्हा अनुरेखक. एकदा मी हे ऑफिसात चहाच्या वेळी बोलले तेव्हा सगळे हसले, पण टीम लीड हसला नाही.

*

महाराष्ट्रात एक अपवाद घडला. नागपुरात.

नागपूर मेट्रोचं भूमिपूजन ऑगस्ट 2014मध्ये झालं. त्यासाठी उभी राहिलेली कंपनी पुढे 2017मध्ये महामेट्रो झाली. ब्रिजेश दीक्षित तिचे व्यवस्थापकीय संचालक होते. या प्रकल्पात 5डी बीआयएम वापरायचं ठरलं, देशातल्या मेट्रोंमध्ये पहिल्यांदाच. मॉडेल, प्रायमाव्हेरामधलं वेळापत्रक आणि सॅपमधला हिशेब एकमेकांना जोडायचे. म्हणजे एखाद्या स्टेशनच्या खांबावर क्लिक केलं, की तो कधी भरायचा आणि त्यावर किती खर्च, हे दिसायला हवं. 38 किलोमीटरच्या पहिल्या टप्प्यातला पहिला भाग मार्च 2019मध्ये सुरू झाला, पूर्ण टप्पा डिसेंबर 2022मध्ये.

नागपुरात जमलं त्याचं श्रेय लोक सॉफ्टवेअरला देतात. मला वाटतं, खरं कारण वेगळं होतं. मालक एकच होता आणि मालकालाच माहिती हवी होती. शिवाय कंपनी नवी होती. तिच्याकडे एमबीची सवय नव्हती.

एमबी म्हणजे मोजमाप पुस्तक. सरकारी बांधकामाचा खरा कणा हाच. पानांना नंबर असतात, पान फाडता येत नाही, आकडा गिरवता येत नाही. चुकला तर रेघ मारून सही करायची. इंजिनिअर साइटवर टेप लावतो, किती घनमीटर काँक्रीट झालं ते लिहितो, त्यावर ठेकेदाराचं बिल निघतं. या पुस्तकाची चेष्टा करणं सोपं आहे, मी केलेलीही आहे. आबांनी मला गप्प केलं. "त्यात प्रत्येक आकड्याखाली माणूस आहे," ते म्हणाले. "तुझ्या मॉडेलमध्ये सही कुठंय?"

मी उत्तर देऊ शकले नाही, कारण प्रश्न बरोबर होता. आबांच्या प्रत्येक ट्रेसिंगच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात चौकट असायची. अनुरेखन, आरेखन, तपासले, मान्य. चार घरं, चार सह्या, तारीख. धरण गळलं तर त्या चौकटीपर्यंत जाता यायचं. मॉडेलमध्ये मात्र आर्किटेक्ट, स्ट्रक्चरवाला, प्लंबिंगवाला, एसीवाला सगळे हात घालतात. चूक कुणाची? ब्रिटनला हा प्रश्न आधी पडला आणि त्यांनी उत्तर करारात शोधलं. कोणी कुठली माहिती कधी द्यायची, कोणी तपासायची, मॉडेलचा कुठला भाग कच्चा आणि कुठला वापरायला योग्य, हे लिहून काढलं. 2018पासून त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 19650. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा कंटाळले होते. आबांच्या प्रश्नानंतर पुन्हा वाचलं तर लक्षात आलं, अर्ध्याहून जास्त मजकूर त्या कोपऱ्यातल्या चौकटीबद्दलच आहे.

आपल्याकडे अडतं ते इथे. टेंडर सगळ्यात कमी बोलीला जातं. त्या बोलीत मॉडेलचे पैसे कुणी धरलेले नसतात. वाद झाला तर ग्राह्य धरतात ते सही केलेलं ड्रॉइंग. मग ठेकेदार मॉडेल करतोही, पण अट आहे म्हणून, काम संपता संपता, आधीच्या ड्रॉइंगवरून. तपासणारा कुणी नसतो. ते म्हणजे बाळाचं बारसं झाल्यावर डोहाळजेवण.

नाशिकला नागपूरचा अनुभव मिळता मिळता राहिला. 'मेट्रो निओ' आठवतेय? उन्नत मार्गावरून विजेवर धावणारी, रबरी टायरांची. आराखडा महामेट्रोचाच होता. 1 फेब्रुवारी 2021च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी 2,092 कोटींचा आकडाही वाचला गेला. त्या दिवशी आमच्या ऑफिसात पेढे आले होते, आपल्या शहराचं मॉडेल आपण करणार म्हणून. निओ कागदावरच राहिली.

*

आता आमच्या बिल्डिंगबद्दल.

2011मध्ये बाबांनी फ्लॅट बुक केला तेव्हा मी सहावीत होते. रविवारी ते मला साइटवर न्यायचे. एका रविवारी एक माणूस ब्रेकर घेऊन पहिल्या मजल्याची बीम खालून फोडत होता. स्लॅब भरताना पाइपासाठी स्लीव्ह टाकायचं राहून गेलं होतं आणि संडासाचा पाइप नेमका बीमच्या आड येत होता. सळया उघड्या पडल्या होत्या. त्यातली एक त्याने कापली. बाबांनी विचारलं. सुपरवायझर म्हणाला, "काही होत नाही साहेब. प्लास्टर झाल्यावर दिसणारसुद्धा नाही."

खरंच दिसत नाही. आज त्या बीमखाली कुणाच्या तरी घराचं किचन आहे.

माझ्या कामाच्या भाषेत त्याला क्लॅश म्हणतात. रोज दुपारी मी आमच्या मॉडेलचा क्लॅश रिपोर्ट काढते. पाइप बीममधून जातोय, डक्ट केबल ट्रेला घासतोय. पहिल्या आठवड्यात शेकडो निघतात, मग कमी होत जातात. इंग्लंडमधल्या कुठल्याही बीमवर मी ब्रेकर चालू दिला नाही, असं अभिमानाने म्हणू शकते.

तिकडे हे गांभीर्य फक्त पैशांमुळे आलेलं नाही. जून 2017मध्ये लंडनचा ग्रेनफेल टॉवर जळाला, 72 माणसं गेली. आग पसरली ती बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणामुळे, मॉडेल नव्हतं म्हणून नाही. पण नंतर ज्युडिथ हॅकिट यांच्या समितीने विचारलं, की या इमारतीत काय, कुणी, कधी बसवलं याची नोंद कुठे आहे? 2018च्या अहवालात त्यांनी त्या नोंदीला 'सोनेरी धागा' म्हटलं. इमारत उभी आहे तोवर तो तुटता कामा नये. 2022च्या कायद्याने उंच निवासी इमारतींसाठी तो बंधनकारक झाला.

आमच्या सोसायटीचा धागा मी शोधला. चेअरमन काकांकडे भोगवटा दाखल्याची झेरॉक्स आणि मंजूर नकाशाची एक प्रत होती, घड्यांवर फाटलेली. पाइपलाइनचं ड्रॉइंग नव्हतं. बिल्डरचं ऑफिस कधीच बंद झालंय. काका म्हणाले, "तूच काढ ना. तुझं तर हेच काम."

मग मी काढायला घेतलं. रविवारी टेप आणि फोन घेऊन घरोघरी. काकूंनी बाथरूम मोजू दिलं, वर चहा दिला. आबा खुर्ची टाकून खाली बसायचे आणि मी सांगितलेले आकडे वहीत लिहायचे, त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात. आकडा चुकला तर रेघ मारून बाजूला सही.

या निमित्ताने एक गोष्ट कळली. 2023मध्ये जलसंपदा विभागाने मोठी भरती काढली, त्यात अनुरेखक हे पद होतं. आबांचं पद अजून आहे. माझ्या कामाच्या नावाचं एकही पद त्या जाहिरातीत नव्हतं. आबांना हे सांगितलं तर ते खूश झाले, मला वाटलं होतं वाईट वाटेल.

मॉडेल आता बऱ्यापैकी झालंय. पहिल्या मजल्यावरची ती बीम मी जशी आहे तशी काढली, खालच्या भोकासकट, एक सळई कमी. तिच्यापुढे टीप टाकली आहे आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवायचा ठराव पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे. काही सभासदांना तो नकोय, फ्लॅटचे भाव पडतील म्हणून. बाबा त्यांच्याशी बोलतायत. शीटच्या कोपऱ्यात चौकट केली आहे. अनुरेखनाच्या घरात आबांचं नाव आहे, आरेखनाच्या घरात माझं. तपासले आणि मान्य ही दोन घरं रिकामी आहेत.

गेटपासून जमिनीखालच्या टाकीपर्यंतची पाण्याची लाइन मात्र अजून सापडलेली नाही. तेवढा भाग मी लाल ठेवलाय.